चालतानाचा आवाज

साताऱ्यातून बाहेर पडून यवतेश्वरच्या घाटाला लागलं की आमच्या जीपमधलं बोलणं थांबतं. मी स्टिअरिंगवर, बाबा डाव्या सीटवर, आणि पहिलं वळण आलं की दोघांचेही कान पायांखालच्या पत्र्याकडे लागतात. रविवारी कास-बामणोलीकडे निघालेल्या गाड्या काचा बंद करून, आत गाणी लावून आम्हाला मागे टाकतात. त्यांच्या आत रस्ता पोचत नाही. आमच्या जीपमध्ये तो पुरता पोचतो. कुठे डांबर नवं आहे, कुठे खडी उघडी पडली आहे, कुठे पावसाने कडा खाल्ली आहे, हे डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. या सगळ्याच्या तळाशी होळीच्या सुमारापासून आणखी एक आवाज यायला लागला होता. तो रस्त्याचा नव्हता.

जुन्या जीपला आवाज असतातच. ताडपत्री फडफडते, मागचा फाळका खडखडतो, खालच्या गिअरला गिअरबॉक्स घुमतो. हे सगळे घरातले आवाज. कोणता केव्हा येणार हे ठाऊक असतं, म्हणून ते ऐकू येत नाहीत. परका आवाज मात्र लगेच वेगळा पडतो. खड्ड्यातून चाक उतरताना एक बारीक किर्रर्र, आणि कधी तिच्या मागोमाग, कधी तिच्याशिवायच, एक बोथट ठक. ब्रेक दाबला की ठक. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की ठक. मग लांबच लांब चढावर काहीच नाही. मला तो माझ्या पायांशी, क्लचच्या पलीकडे वाटायचा. बाबा म्हणायचे, “अगं, माझ्या सीटखाली आहे तो.” मागच्या बाकावर कुणी बसलं, की ते तिसरीच जागा दाखवायचं.

बाबांना जीप नवी नाही. मृद्संधारणाच्या कामात त्यांची सगळी नोकरी झाली. नालाबांध, समतल चर, पाझर तलाव, आणि तिथवर पोचवणारी खात्याची जीप. हे वाहन मुळात युद्धासाठी जन्मलं. 1941 साली अमेरिकेत विलीजची एमबी सैन्यासाठी तयार होऊ लागली, आणि 1947 पासून विलीज जीपची जुळणी भारतातही व्हायला लागली. 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा रणांगणावरची ही गाडी गटविकास अधिकाऱ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. जिथे रस्ता नव्हता तिथे सरकार जीपमधून पोचलं. बाबा सांगतात, डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं धूळ दिसायच्या आधीच नुसत्या आवाजावरून सांगायची, की ही शेतीखात्याची गाडी आली, जंगलवाल्यांची नव्हे. निवृत्त झाल्यावर बाबांनी लिलावातली एक जुनी जीप घेतली. मला पठारांवरची गवतं आणि देवराया पाहत हिंडायचा नाद, त्यामुळे ती हळूहळू माझ्याकडे आली. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखालचे जांभ्याचे रस्ते, पाटणकडचा सडावाघापूरचा सडा, बामणोलीला शिवसागराच्या पाण्यापाशी उतरणारी वाट, हा आमचा दोघांचा मुलूख.

जीपखाली सरपटत गेलं की आधी दिसतात ते पाटे. टांग्यालाही पाटेच असत, आणि त्याआधी घोडागाड्यांना. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या. एक सर्वांत लांब, मग क्रमाने आखूड होत गेलेल्या. मधोमध सेंटर बोल्टने ओवलेल्या आणि अ‍ॅक्सलला कवटाळणाऱ्या यू-बोल्टांनी आवळलेल्या. लांब पाट्याची दोन्ही टोकं वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा चासीला पिनेने पक्का. दुसरा शॅकलच्या झुलत्या पट्ट्यांमध्ये अडकवलेला. चाक वर आलं की कमान सपाट होते, आणि सपाट होताना तिची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. त्या लांब जाण्याला कुठेतरी जागा द्यावी लागते, म्हणून हा झुला. दोन्ही टोकं पक्की केली तर पाट्याला वाकता येणार नाही, आणि वाकू न दिलेलं पोलाद कधीतरी मोडतं. शिवाय वाकताना प्रत्येक पाटा शेजारच्या पाट्यावर जरासा सरकतो आणि त्या घर्षणात धक्क्याचा थोडा जोर जिरून जातो. म्हणजे ही सगळी रचना घासण्यावरच उभी आहे. ती आवाज करते याचं नवल नाही. दगडधोंड्यांतून वर्षानुवर्षं जाऊनही ती एवढा काळ गप्प राहते, याचं मला जास्त नवल वाटतं.

किर्रर्र हा आवाज नेमका कसा होतो, ते वाचताना मी साताऱ्याहून थेट कोलकात्याला जाऊन पोचले. चंद्रशेखर वेंकट रामन यांना 1930 चं नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामासाठी. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये गजाने वाजणाऱ्या तारांचा अभ्यास करत होते, आणि 1918 साली त्यांनी त्यावर एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. गज तारेवरून फिरतो तेव्हा तार आधी गजाला चिकटून त्याच्याबरोबर ओढली जाते. ताण वाढला की सुटते, मागे घसरते, आणि पुन्हा चिकटते. हे चिकटणं-सुटणं सेकंदाला शेकडो वेळा झालं की त्याचा स्वर होतो. सारंगीचं रडणं याच रीतीने होतं, दाराच्या बिजागरीची कुरकुर याच रीतीने होते, आणि पाट्याच्या डोळ्यातला कोरडा पडलेला रबरी बुश पिनेवर फिरताना किर्रर्र करतो तोही याच रीतीने. सारंगीच्या गजाला राळ लावून हे चिकटणं मुद्दाम वाढवतात. जीपच्या बुशात ते धूळ आणि उन्हाने वाढतं. हे समजल्यावर त्या आवाजाबद्दलचा माझा राग बराच ओसरला. तो माझ्या कानांत सुरेल झाला असं नाही, पण त्यालाही एक शिस्त आहे, तो उगाच येत नाही, हे मनाशी पक्कं झालं.

पण आवाज कसा होतो हे कळलं म्हणून तो कुठे होतो हे कळत नाही. आवाजाची दिशा आपण दोन कानांच्या फरकावरून ओळखतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला नंतर, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. एवढ्याशा फरकावरून आपण वळून बघतो आणि बहुतेक वेळा बरोबर बघतो. मोकळ्या माळावर टिटवी ओरडली तर मी न चुकता तिकडे पाहीन. चासीवर मात्र हे शहाणपण चालत नाही. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पोलादातून तो जवळजवळ पाच हजार मीटर जातो. मागच्या चाकापाशी झालेला ठोका चासीच्या दोन लांब बीमांमधून पुढे धावतो, फ्लोअरच्या पत्र्यात शिरतो, आणि तो सैल, रुंद पत्रा त्याला हवेत सोडतो. आपण ऐकतो तो पत्रा. ठोका कुठे बसला याची साक्ष पत्र्याकडे नसते.

महामार्गाच्या कडेला गॅरेज असलेल्या आमच्या मिस्त्रींनी हे मला एका वाक्यात सांगितलं होतं. “ताई, आवाज इथं ऐकू येतोय. होतोय दुसरीकडंच.” मिस्त्री फार बोलत नाहीत. ते आधी प्रश्न विचारतात, आणि त्यांचे प्रश्न मला फार आवडतात. ठक की खट? एकदाच, का मागोमाग दोनदा? गाडी गरम झाल्यावर, का सकाळी निघतानाच? वळताना डावीकडं जास्त, का उजवीकडं? भरल्या गाडीला, का रिकाम्या? ही उत्तरं देताना माझ्या लक्षात आलं की रोज ऐकलेल्या आवाजाबद्दल मला किती कमी माहिती आहे. त्यानंतर मी वेगळं ऐकायला लागले. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, कशाच्या आधी येतो, काय केलं की येत नाही, याकडे कान गेला. आवाजाचा पत्ता आवाजात नसतो. तो कुठल्या क्षणी उमटतो, त्या क्षणात असतो.

आणि तरीही गॅरेजात जीप उभी केली की ती गप्प. पाहुणे आले की खोडकर पोर जसं शहाणं होऊन कोपऱ्यात बसतं, तशी. मिस्त्रींनी बंपरवर उभं राहून तिला खाली-वर झुलवलं, टॉमी घालून शॅकल हलवून पाहिले, चाकं धरून हलवली, शॉकअपचे बोल्ट तपासले. कुठेच हूं की चूं नाही. मी म्हटलं, “काल रात्रीपर्यंत होता हो आवाज.” ते म्हणाले, “असणारच की. आवाज चालत्या गाडीत असतो, अन् गाडी बघायची थांबवून.”

हे वाक्य माझ्या मनात बरेच दिवस राहिलं. जे हलताना बिघडतं ते तपासायला आपल्याला ते थांबवावं लागतं, आणि थांबवलं की बिघाड दिसेनासा होतो. डॉक्टरांच्या खोलीत शिरलं की रात्रभर छळणारं दुखणं नेमकं नाहीसं होतं, ही तर प्रत्येक घरातली तक्रार आहे. माणसाचा खरा थकवा तो खुर्चीवर बसून बोलताना कळत नाही. त्याच्याबरोबर त्याचा दिवस चालून गेलं तर कळतो. शाळेच्या तपासणीला साहेब येतात त्या दिवशी ती शाळा रोजची शाळा नसते. बाबांनी बांधलेल्या नालाबांधांचंही तसंच होतं. उन्हाळ्यात सगळे बांध भक्कम दिसत, आणि कुठला गळतो हे भर पावसात वाहत्या पाण्याबरोबर चालणाऱ्यालाच कळे. आपण थांबलेल्या वस्तूंवरून चालत्या वस्तूंबद्दल फार गोष्टी ठरवतो, असं मला वाटू लागलं आहे.

थांबलेल्याला चालताना ऐकायची युक्ती वैद्यकाने मात्र शोधली. 1816 साली पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरने एका रुग्ण स्त्रीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची घट्ट गुंडाळी केली आणि तिच्यातून हृदय ऐकलं. त्याला तेव्हा एक साधी गोष्ट आठवली होती. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. त्यातून स्टेथोस्कोप आला. हृदय थांबवावं लागत नाही, ते चालूच असतं, हे डॉक्टरांचं भाग्य. आमचे मिस्त्री इंजिन चालू ठेवून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकेका भागावर टेकवतात आणि मूठ कानाच्या हाडाशी धरतात, तेव्हा ते लाएनेकचंच काम करत असतात. त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले असतात. कुठलंही काम इतकं मन लावून करणाऱ्या माणसाकडे नुसतं पाहत राहावंसं वाटतं. पण इंजिनाला हे चालतं. पाटे बोलतात ते चाकं रस्त्यावर असताना, वजन या पायावरून त्या पायावर जाताना. तिथे कान टेकवायचा कसा?

मग मृग लागला, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर किर्रर्र नाहीशी झाली. ठकही विरळ झाला. कासकडचा रस्ता धुक्यात बुडाला, चिखल उडून सगळ्या सांध्यांत जाऊन बसला, आणि जीप पावसाळाभर गुमान चालली. आपोआप थांबलेल्या आवाजाने खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला उलट रुखरुख लागून राहिली. काहीच दुरुस्त केलेलं नसताना जो आवाज थांबतो, तो बरा झालेला नसतो, झाकलेला असतो. पठारावर तेरडा फुलून गेला, सोनकी पिवळी झाली, दसरा उलटला, रस्ते वाळले, आणि एका सकाळी यवतेश्वरच्या त्याच वळणांवर दोन्ही आवाज पुन्हा हजर झाले.

या वेळी मात्र एक धागा हाती लागला, आणि तो बाबांच्या कानांनी दिला. बाबांना अलीकडे कमी ऐकू येतं. म्हणजे सगळंच कमी नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. कानाच्या आतल्या शंखाकृती नळीच्या तोंडाशी जिथे हे बारीक, उंच आवाज पकडले जातात, तिथल्या सूक्ष्म पेशी आधी झिजतात. त्यामुळे त्यांना ढोल ऐकू येतो पण झांज कमी, माणूस बोलतोय हे कळतं पण स, श, फ निसटतात. त्या सकाळी मी म्हटलं, “बाबा, आला बघा.” ते म्हणाले, “कुठं? मला नाही आला.” पुढच्या वळणावर मी ब्रेक दाबला तेव्हा तेच म्हणाले, “हां, हा बघ. हाच माझ्या सीटखालचा.” किर्रर्र त्यांना कधी ऐकूच आली नव्हती. आम्ही इतके दिवस एकाच आवाजाच्या जागेवरून बोलतोय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात वेगवेगळ्या आवाजांबद्दल बोलत होतो. मी दोन्ही ऐकत होते, म्हणून ते मला एक वाटत होते. बाबा एकच ऐकत होते, म्हणून त्यांना तो सुटा, स्वच्छ कळत होता. त्यांच्या कमी ऐकण्याची मला गेली काही वर्षं फार काळजी वाटत आली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की जे उरलं आहे त्यालाही स्वतःची अशी एक नजर आहे.

आवाज दोन आहेत हे एकदा समजल्यावर काम सोपं झालं. किर्रर्र पावसात जाते, म्हणजे तिचा पाण्याशी संबंध आहे. मिस्त्रींनी साबणाचं पाणी एका फवाऱ्यात भरलं आणि एका वेळी एकाच शॅकलवर मारून गॅरेजसमोरच्या गतिरोधकावरून मला जीप न्यायला सांगितलं. पुढचा डावा, काही फरक नाही. पुढचा उजवा, काही नाही. मागच्या उजव्यावर पाणी मारलं आणि किर्रर्र गपकन थांबली. गॅरेजातला पोरगा म्हणाला, डिझेल मारलं असतं तर केव्हाच थांबली असती. मिस्त्री त्याच्यावर जरा करवादले. “डिझेल मारलं की आवाज जातो, अन् मागनं बुश पण जातो.” रबराला डिझेल सोसत नाही, ते फुगतं आणि भुसभुशीत होतं. साबणाचं पाणी वाळून जातं, काही मागे ठेवत नाही. ते औषध नाही, नुसता प्रश्न आहे. वस्तूला इजा न करता प्रश्न विचारायची ही रीत मला मोठी सभ्य वाटली.

ठक मात्र हट्टी होता. तो जोर बदलला की येत होता. पुढे जाणारी गाडी थांबताना, थांबलेली मागे जाताना. म्हणजे कुठेतरी काहीतरी किंचित पुढे-मागे सरकत होतं. पण सगळे बोल्ट हाताला घट्ट लागत होते. तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं, की जीप खालून पूर्ण धुऊन घ्या, आणि मग काही दिवस डोंगरात नेऊ नका, नुसती डांबरावर चालवा.

याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं, आणि ते ऐकून मी थक्क झाले. घट्ट आवळलेले दोन पोलादी भाग अगदी केसाएवढ्या हालचालीने एकमेकांवर घासत राहिले, की त्यातून धातूची बारीक भुकटी निघते. हवा लागून तिचा गंज होतो, आणि सांध्याच्या कडेला लालसर तपकिरी पूड साठते. जिथे ही पूड दिसेल तिथे हालचाल आहे. एरवी कुठल्याही गाडीत ती सहज दिसते. पण आमची जीप हिंडते चाळकेवाडीच्या सड्यावर, आणि सड्यावरचा जांभा म्हणजे तरी काय? काळ्या बसाल्टमधलं जे जे विरघळून जाण्याजोगं होतं ते लाखो वर्षांच्या पावसाने वाहून नेलं, आणि मागे उरले ते मुख्यतः लोखंडाचे आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड. सड्यावरच्या धुळीला रंग देणारं लोखंड आणि पाट्याच्या कडेची गंजाची पूड, दोन्ही मुळात एकाच जातीची. डोंगराच्या झिजेने जीपची झीज झाकून टाकली होती.

जीप धुतली. आठवड्याच्या शेवटी तिला खालून पाहिलं तेव्हा सगळीकडे काळं, स्वच्छ लोखंड होतं, आणि मागच्या डाव्या अ‍ॅक्सलवर, पाटा आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये, बोटभर लांबीची लाल रेघ उमटली होती. यू-बोल्टांचे नट त्यांच्या आट्यांवर गंजून बसले होते. ते पान्याला घट्ट लागत होते, पण पाट्यांना आवळत नव्हते. काळाच्या ओघात पाटे एकमेकांवर बसून पातळ झाले होते, आणि सगळा भार एकट्या सेंटर बोल्टवर आला होता. तो अर्धा कापला गेला होता. घाटात तो तुटला असता तर अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकला असता. बाबांनी तो बोल्ट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता खिशात टाकला.

नवे यू-बोल्ट, नवा सेंटर बोल्ट, चारी शॅकलांचे नवे बुश. हे काम करताना मिस्त्रींनी केलेली एक गोष्ट मला त्या सगळ्या शोधाइतकीच मोलाची वाटते. बुश बसवले, पिना घातल्या, पण नट त्यांनी हातानेच फिरवून सोडले. जीप घोड्यांवर उचललेली होती, चाकं अधांतरी होती. पोरगा पाना घेऊन आवळायला लागला तर त्यांनी त्याला थांबवलं. “तिला आधी पायावर उभी राहू दे. मग आवळ.” अधांतरी असताना पाटा पूर्ण वाकलेला असतो. त्या अवस्थेत रबर आवळून टाकलं, तर जमिनीवर आल्यावर ते उभ्या जागीच पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून आधी गाडी खाली घ्यायची, तिचं वजन तिच्यावर येऊ द्यायचं, दोन-चारदा झुलवून तिला तिच्या जागी बसू द्यायचं, आणि मगच घट्ट करायचं. थोडं चालवून आल्यावर यू-बोल्ट पुन्हा एकदा. ज्या भारात वस्तूला जगायचं आहे, त्या भारातच तिचे सांधे पक्के करावेत. घरं बांधताना, माणसं जोडताना, मुलांना शिकवतानाही आपण कितीदा सगळं अधांतरी असतानाच घट्ट आवळून टाकतो, आणि पुढे जमिनीवर आल्यावर ते का पिळवटतं याचा विचार करत बसतो.

या शोधाने मला काही बाबतीत हळू केलं आहे. घरात, कॉलेजात, गावच्या बैठकीत कुणाची कुरकुर ऐकू आली, तर ती थांबवायच्या आधी ती कधी सुरू होते ते पाहावंसं वाटतं. कुरकुर करणारा माणूस आणि जिथे खरी झीज चालली आहे तो माणूस, हे दोघे वेगळे असू शकतात. मध्ये एखादा लांब, सरळ, घट्ट बीम असतो, आणि शेवटी कुठलातरी सैल पत्रा वाजत असतो. आपण पत्र्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, झालं, थांबलं. आणि बैठकीपाशी लाल पूड साठत राहते. तिथे पोचायचं तर कुणाबरोबर तरी चालत राहावं लागतं, आणि एकाच्या कानांवर भागत नाही. ज्याला कमी ऐकू येतं अशा माणसालाही शेजारी बसवावं लागतं.

दुरुस्तीनंतर आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो, तेव्हा गाडी जड आणि शांत वाटली. वळणांवर बाबा माझ्याकडे बघून मान हलवत होते. कासचा तलाव मागे पडला आणि बामणोलीकडच्या उतारावर मला तिसराच एक आवाज ऐकू आला. अगदी हलकी टिकटिक, ताशी तीसच्या आसपास, फक्त उताराला. तो नवा आहे की आधीपासूनच होता, सांगता येत नाही. मोठा आवाज चालू असला की त्याच्या आसपासचे बारीक आवाज कानाला कळतच नाहीत, त्यामुळे किर्रर्र आणि ठक यांच्या आड तो कित्येक महिने चालू असणं शक्य आहे. मी बाबांना विचारलं. त्यांना तो ऐकू येत नाही. म्हणजे उंच पट्टीचा आहे, बारीक आहे, एवढं आत्ताच कळलं.

मिस्त्रींना फोन केला तर ते हसले आणि म्हणाले, “पाऊस लागायच्या आत या ताई. रस्ता एकदा ओला झाला की मग पुढच्या दसऱ्यापर्यंत ऐकत बसावं लागंल.” आम्ही जाणार आहोत. पण अजून दोन-तीन रविवार मध्ये आहेत, आणि तोवर ही टिकटिक कुठल्या क्षणी उमटते ते मला नीट बघायचं आहे. क्लच दाबल्यावर थांबते का, डाव्या वळणाला वाढते का, मागे कुणी बसलं की बदलते का. तिला घालवून टाकायचं, की नुसतं ओळखून गाडीच्या बाकी आवाजांत सामील करून घ्यायचं, हे त्यानंतर ठरवू.